हसरा कौल

“दाबू का?” आईनं विचारलं.

“दाब.”

“गोल बटण ना? ज्याच्यावर उभी रेघ आहे ते?”

“तेच. दाब, आई.”

“लगेच सोडू, का धरून ठेवू?”

“सोड.”

फोनमधून आधी वाऱ्याचा घुमारा आला, मग यंत्रातल्या पंख्याची घरघर आणि मग आईचा दबका ‘हं’. आ-पिननं समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं. इथं, काओश्योंग शहरातल्या ऑफिसात, त्याच्या काळ्या चौकटीत अजून काहीच उमटलं नव्हतं. तिथं, समुद्रापलीकडे, फंगहू बेटांच्या पार टोकाला असलेल्या शि-वेइ बेटावर, दवाखान्याच्या एकुलत्या एका खोलीत त्याची सत्तरी ओलांडलेली आई एका कॉम्प्युटरसमोर बसली होती. आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात काही म्हणजे काही नव्हतं.

खरं तर बटण दाबायचं काम नर्सबाईंचं. पण ईशान्येचा वारा सुटला की फंगहूत कुणाचे बेत चालत नाहीत, फक्त वाऱ्याचे चालतात. बोट बंद, नर्सबाई मोठ्या बेटावर, माकुंगला अडकलेल्या, आणि दवाखान्याची किल्ली तिथली झाडलोट करणाऱ्या आ-ख्वान काकूंकडे. आ-ख्वान काकू म्हणजे आ-पिनची आई. बेटांवरच्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळणं हा आ-पिनचा धंदाच होता, पण आपल्याच आईला पलीकडे बसवून काम करायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती.

“काय दिसतंय आता?”

“काळंकुट्ट आहे सगळं. वर पांढरी अक्षरं आहेत, इंग्रजी. मला काय कळतंय त्यातलं? आणि एक काडी गरागरा फिरतेय.”

“फिरू दे तिला. ते विचारतंय.”

“कुणाला?”

“मला.”

रिकामं यंत्र जागं झालं की सगळ्यात आधी हाक मारतं. तारेच्या पलीकडे जो कुणी असेल त्याला विचारतं, बाबा रे, माझा पत्ता काय आणि मी आता करू काय? आ-पिनच्या ऑफिसातला सर्व्हर ती हाक ऐकतो आणि सांगतो, हा घे पत्ता आणि हा घे पहिला घास. मग घासाघासानं यंत्र चालवणारं अख्खं लिनक्स समुद्राखालच्या तारेतून तिकडं पोचतं. ना सीडी, ना पेन ड्राइव्ह, ना बोट. इतकी वर्षं हे काम करूनही आ-पिनसाठी त्यातली गंमत सरली नव्हती. कुणीतरी हाक मारली आणि आपण ओ दिली, एवढंच खरं तर. पण त्याला बरं वाटायचं.

काळ्या चौकटीत एक ओळ उमटली. शि-वेइ विचारत होतं. लगेच खाली दुसरी ओळ आली, उत्तर दिल्याची.

“घेतलं गं त्यानं!” आ-पिन म्हणाला.

“पुडी ठेवली का विचार आधी!” शेजारच्या टेबलावरून यि-रु ओरडली. यि-रु त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ. साहेबालाही न घाबरणारी ही पोरगी यंत्रांच्या रुसव्याला मात्र भलतीच घाबरायची. त्या ऑफिसातल्या झाडून सगळ्या यंत्रांवर मक्याच्या कुरकुऱ्यांची एकेक हिरवी पुडी ठेवलेली असे. पुडीचं नाव क्वाइ-क्वाइ. पोरं दंगा करायला लागली की त्यांना म्हणतात तेच. शहाणं माझं बाळ, ऐकायचं हं. पुडी हिरवीच हवी, कारण यंत्रांचे दिवे हिरवे राहायला हवेत. मोठमोठ्या डिग्र्यांची माणसं या प्रकाराला हसत, पण पुडी उचलून बाजूला ठेवायची हिंमत त्यांच्यातल्या एकानंही कधी केली नव्हती.

“आई, ती हिरवी पुडी ठेवलीस का वर?”

“ठेवली. दुकानात एकच उरली होती. काय रे, हे यंत्र कुरकुरे खातं होय?”

“खात नाही. नुसतं बघतं.”

“तुझ्या बाबांसारखं. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावर तेही असंच बघत बसायचे.”

यि-रुनं खो खो हसत पर्स उचलली. “आई भारी आहे तुझी,” म्हणाली आणि जेवायला निघून गेली.

आ-पिन मात्र हसला नाही. त्याला कारणही तसंच होतं.

गेल्या हिवाळ्यात खडकांवरचं खायचं शेवाळ खरवडायला गेलेली आई घसरून पडली होती. उजवं मनगट मोडलं. शेजारची लू म्हातारी सहज तिकडं गेली म्हणून बरं, नाहीतर भरती आलीच होती. तेव्हाही बोट बंद होती. मोडक्या हाताला फळकुट बांधून आईनं ती अख्खी रात्र काढली, आणि इकडे आ-पिननं फोन कानाला लावून. त्यानंतर वारा सुटल्याची बातमी लागली की त्याला जेवण जायचं नाही.

म्हणून त्यानं यंदा आईशी करार केला होता. काओश्योंगचे डॉक्टर सोमवारपासून लहान बेटांवरच्या पेशंटना दर आठवड्याला स्क्रीनवर तपासणार होते. ज्या बेटाचा कॉम्प्युटर तोवर चालू होईल ते बेट यादीत, बाकीच्यांचं उन्हाळ्यात बघू. शि-वेइचा जुना डबा कॅमेऱ्याचं ओझं पेलेना, म्हणून शेवटच्या बोटीनं हा नवा, कोरा पाठवलेला. हा उठला तर आईनं खुशाल बेटावर राहावं. नाही उठला, तर वारा पडल्यावरच्या पहिल्या बोटीनं तिनं मुकाट्यानं त्याच्याकडे यायचं. आणि नशिबाचा खेळ बघा, कॉम्प्युटर उठवायचं काम कुणाकडे, तर त्याच्याचकडे.

घरी त्यानं मागची खोली रिकामी केली होती. नवी खाट आणली होती. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला होता आणि आपलं अख्खं वजन टाकून, पाय वर उचलून, तो निखळत नाही ना हे पाहिलं होतं. सहावा मजला, पण लिफ्ट होती. खाली बाजार होता. आणखी काय हवं माणसाला?

आईला काय हवं होतं, हेच तर कळत नव्हतं. पूर्वी तिला विचारायची गरजच पडत नसे. आ-ख्वान काकू म्हणजे अख्ख्या आळीची कारभारीण. कुणी दारात येऊन म्हणावं, “काकू, दोन रताळी घेऊ का?” की आतून आवाज यायचा, “विचारतोस काय? घे!” “काकू, तुमच्या भिंतीवर जाळं वाळत घालू?” “विचारतोस काय? घाल!” शि-वेइवर तिची नक्कल करणारी पोरं होती. आ-पिननं शाळा संपल्यावर, घाबरत घाबरत, काओश्योंगला शिकायला जाऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हाही तिनं तेच म्हटलं. “विचारतोस काय? जा!” आणि पाठ फिरवून धुतलेलेच मासे पुन्हा धूत राहिली होती.

मनगट मोडलं आणि ते ‘विचारतोस काय’ गेलं. आता आईच विचारायची. जाड बंडी घालू का पातळ? कालवण सकाळचं आहे, खाऊ का टाकू? देवळात जाताना कडी लावू का कुलूप? दिवसातून चार वेळा फोन. आ-पिन मीटिंगमध्ये असला तरी उठून बाहेर जायचा आणि पटकन उत्तर द्यायचा. जाड घाल. टाक. कुलूप लाव. आपण इतक्या तत्परतेनं ओ देतो याचा त्याला अभिमानच होता. “आई हल्ली अगदी शहाण्यासारखी ऐकते,” असं तो बायकोला म्हणालाही होता. सु-च्युन पेरू चिरत होती. तिनं नुसती मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेरू चिरायला लागली.

करार सांगितला तेव्हाही आई एवढंच म्हणाली होती, “तू म्हणशील तसं.”

“आ-पिन, आता मुंग्या लागल्यात,” फोनमधून आवाज आला.

“कसल्या मुंग्या?”

“अक्षरांच्या. खालून वर पळतायत नुसत्या. मला गरगरायला लागलंय.”

“मग बघू नकोस. चहा घे.”

“घेऊ?”

“घे.”

झाकण फिरवल्याचा आवाज, मग फुंकर. तिनं घरून थर्मास आणला होता म्हणजे. इकडे ओळीमागून ओळी सरकत होत्या. तार धीमी होती, पण नेटानं चालली होती. मायलेकांनी बऱ्याच गोष्टी बोलून घेतल्या. यंदा शेवाळ लवकर धरलंय. लू म्हातारीच्या भिंतीचे दगड वाऱ्यानं पाडले. खारा फवारा इतका की कोबीची पानं करपली. आणि मग काळ्या चौकटीत ती ओळ आली, जिच्यासाठी सगळा खटाटोप होता. लिनक्स बसलं होतं. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणार होतं.

“आई, आता ते झोपेल आणि परत उठेल. घाबरू नकोस.”

“झोपलं. उठलं. काडी फिरतेय बघ परत.”

आ-पिनच्या चौकटीत नवी ओळ उमटली. शि-वेइ विचारत होतं. खाली लगेच दुसरी, उत्तर दिल्याची.

झालं! कपाळावर हात मारण्यासारखीच चूक होती. ही यंत्रं उठली की आधी बाहेर विचारतात आणि बाहेरून कुणी ओ दिली नाही तरच आपल्या पोटात डोकावतात. म्हणून काम झालं की सर्व्हरच्या यादीतून त्या यंत्राची ओळ पुसायची असते, म्हणजे सर्व्हर गप्प बसतो. आ-पिन गप्पांच्या नादात ती पुसायला विसरला होता. मग काय, यंत्रानं विचारलं, सर्व्हरनं सांगितलं, आणि नुकतंच बसवलेलं सगळं पुसून ते बिचारं पुन्हा पहिल्यापासून बसवायला लागलं. हा फेरा संपला की तिसरा, मग चौथा. असंच चालू राहिलं असतं.

एक ओळ पुसायची. आ-पिनचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं.

नाही झालं, आई. एवढंच म्हणायचं होतं. वारा होता, धीमी तार होती, कुणी जाब विचारणार नव्हतं. सोमवार निघून गेला असता. मग बोट, मग ती खोली, ती खाट, तो दांडा. रात्री शेजारच्या खोलीत आईचा खोकला ऐकू आला असता, आणि त्याला किती गाढ झोप लागली असती! त्याला आपली लाजही वाटली आणि बोटही हललं नाही.

“आ-पिन,” आई म्हणाली, “हे परत तेच करतंय. मघाचीच अक्षरं. ती बुटकी ओळ, मग लांबलचक, मग मुंग्या.”

“वाऱ्यानं लाइन खराब झाली असेल.”

“अस्सं.”

तिनं चटकन मान्य केलं, आणि तेच त्याला लागलं. पूर्वीची आई असती तर म्हणाली असती, वारा पाण्याच्या वर, तुझी तार पाण्याच्या खाली, कुणाला शेंड्या लावतोस?

थर्मासचं झाकण पुन्हा फिरल्याचा आवाज आला.

“मी सकाळी वांगयेंकडे जाऊन आले,” आई म्हणाली. “कौल लावला.”

“काय विचारलंस?”

“जाऊ का म्हणून.”

“मग?”

“हसले.”

वांगये हे बेटाचे राखणदार देव. त्यांच्यापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकतात. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. आणि दोन्ही उताण्या पडून पाठीवर डुलत राहिल्या तर देव हसला. म्हणजे प्रश्नच चुकला, किंवा तुला ठाऊक आहे ते मला कशाला विचारतेस, असं.

“तीनदा टाकल्या,” आई सांगत होती. “तीनदा हसले. मग म्हटलं, बरं, राहू का? तरी हसलेच. पुजारी म्हणतो, वारा आहे काकू, लाकूड डुलणारच. त्याला काय कळतंय?” ती थांबली. “मग म्हटलं जाऊ दे. आता आ-पिनचं यंत्र सांगेल ते.”

आ-पिननं बोट बटणावरून काढून मांडीवर ठेवलं. मग पुन्हा बटणावर ठेवलं.

तेवढ्यात यि-रु परत आली. त्याच्यासाठी भाताचा डबा आणला होता. “उठलं का बेट?”

“परत पहिल्यापासून सुरू झालंय.”

“पुडी!” यि-रुनं डबा टेबलावर आपटला आणि फोनवर वाकली. “काकू, मी यि-रु. त्या पुडीवरची तारीख वाचा बघू.”

“थांब हं पोरी. चष्मा कुठं गेला…” खुडबुड झाली. मग आईचा आवाज एकदम बारीक झाला. “अगं, ही तर उन्हाळ्यातच संपलीय.”

“अरे देवा!” यि-रुनं डोकं धरलं. “शिळी पुडी ठेवलीय! मग ते शहाण्यासारखं कसं वागणार?”

“म्हणजे माझ्यामुळे झालं होय हे?” आई म्हणाली. “मला मेलीला तारीख बघायचं सुचलं नाही. काढू का ती? दुसरी कुठून आणू आता? आ-पिन, वांगयेंपुढची दोन संत्री आहेत माझ्याकडे, ती ठेवू का? चालतील का? का नुसतं…”

“आई.”

“का नुसतं हात जोडू? तुझं काम बिघडवलं रे मी.”

आ-पिनला ते ऐकवेना. ज्या बाईनं आयुष्यात कोळ्यांना, दुकानदाराला, प्रसंगी पुजाऱ्यालाही उभं आडवं झापलं होतं, ती एका शिळ्या पुडीसाठी त्याची माफी मागत होती. आणि चूक कुणाची, तर त्याची.

यि-रु एव्हाना त्याच्या स्क्रीनकडे बघत होती. “पिनदादा, ओळ काढली नाहीस तू.”

“राहिली.”

“इतका वेळ?”

यि-रुनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग खांदे उडवून आपल्या चॉपस्टिक्स वेगळ्या केल्या. “तू उत्तरं देत राहिलास तर ते आपल्या पायांवर उठणार कसं?” असं म्हणून ती त्याच्याच डब्यातला मासा उचलून खायला लागली.

तिच्या लेखी ती कामाचीच गोष्ट होती. आ-पिननं मात्र फोन जवळ ओढला.

“आई,” मग तो म्हणाला, “पुडीचा दोष नाही. तुझा तर नाहीच. माझा आहे. एक गोष्ट करायची होती, ती मी केली नाही.”

“विसरलास होय?”

“आधी विसरलो. मग आठवली, तरी केली नाही.”

आईनं त्यावर काहीच विचारलं नाही.

त्यानं ओळ पुसली. दुसरा फेरा संपायची वाट बघण्यावाचून आता दुसरं काही नव्हतं. यि-रुनं अर्धा डबा फस्त केला. अखेर मुंग्या थांबल्या. यंत्र झोपलं. उठलं.

“काडी फिरतेय,” आई म्हणाली.

“हं.”

“फिरतेच आहे.”

काळ्या चौकटीत ओळ उमटली. शि-वेइ विचारत होतं. या वेळी तिच्याखाली काहीच आलं नाही.

“आ-पिन, ते विचारतंय ना तुला? अरे, उत्तर दे की त्याला!”

“नाही द्यायचं.”

“का पण? बिचारं कधीचं विचारतंय.”

“विचारू दे. कुणी बोललं नाही की ते आपल्या पोटात बघेल. आहे सगळं तिथं.”

शि-वेइनं पुन्हा हाक मारली. पुन्हा एकदा. उत्तर न देणं इतकं जड जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. यि-रुही चघळायची थांबली होती.

मग हाका बंद झाल्या.

“गेली काडी,” आई कुजबुजली. “सगळं काळं झालं. गेलं वाटतं रे… अगं बाई! रंग आले! निळं निळं आलं सगळं!”

यि-रुनं टेबलावर थाप मारली. आ-पिननं डोळे मिटून घेतले आणि मोठा श्वास सोडला. त्याला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला, थोडं वाईटही वाटलं होतं. पण आनंद जास्त होता.

कॅमेरा त्यानं इथूनच चालू केला. चित्र आधी तुकड्यातुकड्यांनी आलं, मग जुळलं. फुलाफुलांच्या रुमालानं तोंड नाकापर्यंत गुंडाळलेलं, वर नुसते डोळे. वाऱ्याच्या दिवसांत शि-वेइच्या सगळ्याच बायका अशा दिसतात, पण हे डोळे त्यानं हजारांत ओळखले असते. मागं भिंतीशी तिची लाल-निळ्या पट्ट्यांची पिशवी होती, टम्म भरलेली. म्हणजे जायची तयारी करूनच आली होती. पण पिशवीच्या तोंडातून खडकावर घसरू नये म्हणून घालतात ते जाड तळव्यांचे बूट डोकावत होते. काओश्योंगच्या सहाव्या मजल्यावर त्या बुटांचं ती काय करणार होती, कोण जाणे.

“दिसलास! बारीक झालायस.” तिनं रुमाल हनुवटीखाली ओढला आणि खुर्ची पुढे सरकवली. “मग आता? तूच सांग. राहू, का येऊ?”

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. नेहमीसारखंच तयार. खरं तर दोन होती आणि दोन्ही त्याला तोंडपाठ होती. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

आई वाट बघत राहिली. तिच्या मागं खिडकीची काच वाऱ्यानं थडथडत होती.

“आवाज जात नाही का माझा? आ-पिन? मी म्हटलं, राहू का येऊ?”

यि-रुनं माइकची वायर हलवायला हात पुढे केला. आ-पिननं तो हलकेच बाजूला केला. तो नुसता आईकडे बघत राहिला. त्याचे ओठ, का कोण जाणे, हसायला लागले होते.

आईनं स्क्रीनजवळ तोंड आणून त्याला न्याहाळलं. कपाळावर आठी पडली. मग हळूहळू ती आठी सैल झाली.

“अस्सं,” ती म्हणाली. “तूपण हसतोस होय, वांगयेंसारखा?”

तो नुसता हसत राहिला.

आईनं मागं वळून पिशवीकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग पदर खोचावा तसा रुमाल गळ्याशी घट्ट बांधला.

“बरं. मग आता ऐक,” ती म्हणाली. आवाज चढला होता. बाजूला यि-रु नकळत ताठ बसली. “मी राहणार. सोमवारी तुझ्या त्या डॉक्टरला मनगट दाखवणार. शेवाळ काढायला जाणार, पण लू म्हातारीला बरोबर घेऊन, उगाच तोंड वाकडं करू नकोस. नव्या वर्षाला तुझ्याकडे येईन. आले की राहीन मला वाटेल तितकं आणि परत जाईन. ती खाट कुठं लावलीस?”

“भिंतीशी.”

“खिडकीशी सरकव. भिंत बघत मी झोपायची नाही. आणि सु-च्युनला सांग, शेवाळ विकत आणशील तर खबरदार. मी घेऊन येतेय.”

“बरं, आई.”

“आणि दिवसातून चार-चारदा फोन करत बसू नकोस. मला कामं असतात.”

फोन कोण करत होतं, हे आ-पिन बोलला नाही. “बरं,” एवढंच म्हणाला. यंत्राच्या माथ्यावर, चित्राच्या कडेला, त्या शिळ्या पुडीचा हिरवा कोपरा दिसत होता. ती बिचारी अजून आपलं काम करत होती.

“आई,” त्यानं विचारलं, “पहिल्या बोटीनं नवी पुडी पाठवू का?”

“विचारतोस काय?” आई म्हणाली. “दोन पाठव!”